समोरची खुर्ची

“ही खुर्ची नेऊ का, मॅडम?” वाढणाऱ्या मुलीनं विचारलं आणि मी चक्क थाप मारली. “राहू दे. येणारे आहेत एक जण.” कोण येणार होतं, डोंबल! कोणी येऊ नये म्हणून तर मी आले होते. पण तिचा हात माझ्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवर पडला, आणि ते वाक्य तोंडातून आपोआप निघून गेलं. मुलगी गोड हसली. त्या हसण्यात ‘बरं झालं, एकट्या नाहीत बिचाऱ्या’ असं काहीतरी होतं. किंवा नसेलही, माझाच मेला संशयी स्वभाव. शेजारच्या टेबलावर एक अख्खं कुटुंब दाटीवाटीनं बसलं होतं आणि त्यांच्यातल्या आजोबांना खुर्ची नव्हती. ते काठीवर भार टाकून उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवला, चालेल चालेल, बसा तुम्ही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येऊन अजून पाणीसुद्धा प्यायले नव्हते आणि स्वतःच घेतलेल्या परीक्षेत नापास होऊन मोकळी झाले होते.

मी मेनूकार्डात तोंड खुपसलं. ही जागा मला बाहेरून पाठ आहे. मी काम करते ती लॅब याच रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. आम्ही दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही साचा ओततो, मेणात दात उभे करतो. हे मेक्सिकन हॉटेल उघडलं तेव्हा काचेवर रंगवलेला निवडुंग आणि त्याला घातलेली टोपी बघून मी म्हटलं होतं, चार महिन्यांत गाशा गुंडाळतील. मग एका डॉक्टरांचा निरोप आला की तुमची कवळी बरोबर नाही, पेशंट टाको चावायला गेला की वरची सुटते. टाको म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मक्याची पातळ चकती, दुमडून कडक तळलेली, आत राजमा, चिकन, कांदा, कोबीची पानं, वर चीज. मी ती कवळी परत घेऊन बसले, मागचे दात जरासे घासले, चावा दोन्हीकडून सारखा केला. पेशंटनं कळवलं, आता चावतोय झकास, फक्त सगळं अंगावर सांडतं. ते कवळीच्या हातात नाही, असं मी उलट कळवलं. पण तेव्हापासून जाता-येता मी काचेतून आत बघायची. माणसं मान वाकडी करून, डोळे मिटून, कोपरं टेबलावर टेकवून खात असायची. हनुवटीवरून ओघळ गेला तरी कोणाला त्याचं काही नसायचं. मला हेवा वाटायचा. आता वाटायचा तर वाटायचा, लपवायचं कशाला?

पण आज मी हेव्यापोटी आले नव्हते. ताईच्या एका वाक्यापोटी आले होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. आता तिच्या मुलाला, माझ्या भाच्याला, मोठं घर मिळालंय आणि ती पुढच्या महिन्यात त्याच्याकडे जाणार आहे. मलाही चल म्हणाली, पण भाच्याच्या घरात मावशी म्हणून कोपरा धरून बसायला मी काही शोभेची कुंडी नाही. मी नाही म्हटलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात बाइंडरनं, मी जाते त्या वाचनालयाच्या मालकांनी, मला लग्नाचं विचारलं. मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती कपाट आवरत होती. मला वाटलं होतं ती कपाळाला हात लावेल, म्हणेल या वयात हे काय खूळ. तर कशाचं काय! तिनं हातातली साडी खाली ठेवली आणि म्हणाली, “हो म्हणून टाक.” मी म्हटलं, “अगं, विचार तरी करू देशील?” तर म्हणाली, “विचार कसला करायचाय? तू एकटी राहणारेस? तुला एकटीला बाहेर एक कप चहा पिता येत नाही.” आणि परत साडीच्या घड्या घालायला लागली.

खोटं नव्हतं, म्हणून तर झोंबलं. ताईकडे त्याचा पुरावा आहे, आणि येईल त्या पाहुण्याला ती तो पुरवते. मी तेवीस वर्षांची असताना दुसऱ्या गावी परीक्षेला गेले होते. सकाळी एक पेपर, संध्याकाळी एक. मधल्या वेळात खायचं म्हणून ताईनंच पर्समध्ये पैसे दिले होते. मी पाच-सहा हॉटेलांच्या दारापर्यंत गेले. प्रत्येक ठिकाणी आत टेबलं, टेबलांशी माणसं, माणसांच्या समोर माणसं. मी दारातून वळायची. एका ठिकाणी तर पायरी चढलेही; गल्ल्यावरच्या माणसानं “किती जण?” विचारलं आणि मी “चुकून आले” म्हणून उतरले. चुकून आले! भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि मी चुकून आले होते. संध्याकाळचा पेपर कसाबसा लिहिला, घरी आले आणि दारातच पडले. ताईनं साखरेचं पाणी पाजलं. ती गोष्ट सांगताना ताई हसते, पाहुणे हसतात, मीही हसते. पण त्या पायरीवरचं ते मागे फिरणं मला अजून पायांत जाणवतं. त्यानंतर मी बाहेर जेवले ती कायम कोणाच्या तरी बरोबर. लॅबमधल्या मुलींबरोबर, ताईबरोबर, भाच्याच्या गोतावळ्याबरोबर. आणि सगळ्यांबरोबर जेवताना मी तेच मागवायची जे शेजारचा मागवेल.

म्हणून मी ठरवलं. बाइंडरला शनिवारी संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं, तर शनिवारी दुपारी मी एकटी बाहेर जेवणार. पोटभर, मजेत, हवं ते मागवून. जमलं तर ‘हो’चा विचार. नाही जमलं तर ‘नाही’; कारण मग ते ‘हो’ त्यांना नसणार, रिकाम्या खुर्चीला घाबरून म्हटलेलं असणार. हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण आमच्या कामात हे अगदी सरळ आहे. कवळी बसवताना वरची आधी एकटीच बसवून बघतात. ती आपली आपण टाळूला धरून राहिली पाहिजे. मग खालची, तीही एकटी. मग दोन्ही मिळून. वरची एकटी टिकत नसेल आणि तुम्ही म्हणालात की खालचीच्या आधारानं राहील, तर पेशंट हसला की दोन्ही ताटात. अशा किती कवळ्या परत आल्यात माझ्याकडे. म्हणून आले, आणि आल्या आल्या रिकाम्या खुर्चीला मिठी मारून बसले.

मी टाको मागवले. एक बरितो मागवला, म्हणजे भोपळी मिरची भरून गुंडाळलेली पोळी, बरोबर साल्सा नावाची टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी, बरोबर मीठ-लिंबू लावलेलं कसलंसं थंड सरबत. मुलगी म्हणाली, “ते आल्यावर आणू का सगळं?” “ते उशिरा येतील, तू आण,” मी म्हटलं. एका थापेला दुसरी थाप. ती गेल्यावर मी पिशवीतून कादंबरी काढली. ही कादंबरी बाइंडरच्या वाचनालयातली. वाचनालय म्हणजे काय, पुढे पुस्तकांची चार कपाटं आणि मागे त्यांचं बाइंडिंगचं टेबल. फाटकी पुस्तकं उसवायची, परत शिवायची, पुठ्ठा चढवायचा, आणि वाचायला द्यायची. मी तिथे कित्येक वर्षं जाते आणि एकाच प्रकारचं वाचते. सोज्वळ प्रेमकथा. ताई त्यांना पाकातल्या म्हणते. म्हणू दे. दिवसभर मी उघडे जबडे बघते. संध्याकाळी मला अशी माणसं हवी असतात जी एकमेकांशी नीट वागतात, ज्यांचा हातात हात पुस्तक अर्धं झाल्यावर येतो आणि तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. या कादंबरीत पोस्टात टपाल निवडणारी एक मुलगी आहे आणि एक मधमाश्या पाळणारा माणूस. आत्तापर्यंत त्यानं तिच्या केसांत अडकलेली माशी अलगद काढली होती. बस. तेवढंच. पण ते वाचताना माझ्या हातातलं मेण गार होऊन गेलं होतं, आणि मला सगळा दात नव्यानं उभा करावा लागला होता.

त्या बाइंडिंगच्या टेबलाशीच त्यांनी मला विचारलं, गेल्या शनिवारी. हीच कादंबरी शिवत होते. सुईत दोरा, मांडीवर फडकं, चष्मा नाकाच्या टोकाला. मी कपाटाशी उभी. मान वर न करता म्हणाले, “तुम्ही आणि मी एका घरात राहिलो तर कसं होईल?” मी म्हटलं, “म्हणजे?” “म्हणजे लग्न करून.” दोरा ओढला. गाठ मारली. “घाई नाही. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सांगा. नाही म्हणालात तरी पुस्तकं मिळतीलच.” पुस्तकं मिळतीलच! जणू मी गिरणी उद्या चालू आहे का विचारायला आले होते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस सरळ आहे, शब्दाला पक्का आहे, आम्ही तासन्‌तास पुस्तकांवर भांडलोय. मला ते आवडतात. आवडतात, झालं. पण त्या थंडपणानं मी घरी जाताना धुमसत होते. मधमाश्यावाल्याचे हात तरी थरथरले होते. या गृहस्थांना बहुधा संध्याकाळी चहा करायला आणि पुस्तकावर वाद घालायला कोणीतरी हवं असावं, आणि मी रोज दिसते. सोयीची. हा विचार आठवडाभर दाढेत अडकलेल्या तंतूसारखा जिभेला लागत होता.

टाको आले. लाकडी पाट, त्यावर तीन, उभे. मी त्यातला एक दोन्ही हातांनी धरला, लोकांना बघितलं होतं तशी मान वाकडी केली आणि चावले. कडाड्‌दिशी तो दोन तुकडे होऊन माझ्या मांडीवर सांडला. राजमा, चीज, कोबी, सगळं. “आई गं!” मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे ते काठीवाले आजोबा फस्सकन हसले. मग मी हसले. खरंच हसले, ताईच्या गोष्टीला हसते तसं नव्हे. तोंडात जे राहिलं होतं ते तिखट होतं, आंबट होतं, मक्याचा खरपूस वास नाकात गेला आणि कोथिंबिरीसारखी काहीतरी हिरवी चव मागून आली. मी मांडीवरचा कोबी उचलून खाल्ला. कोण बघणार होतं, आणि बघितलं तर बघितलं. मग मी हात वर केला. मुलगी आली. “अगं, ऐक. ती खुर्ची ने.” ती म्हणाली, “पण तुमचे ते...” “कोणी येणार नाहीये. मघाशी मी खोटं बोलले. मी एकटीच आहे.” माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण त्या कुटुंबातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. खुर्ची उचलली गेली. आजोबा तिच्यात हुश्श करून बसले आणि मला म्हणाले, “उपकार झाले, बाई.” माझ्यासमोर आता नुसती फरशी होती आणि फरशीवर कोणाच्यातरी ताटातला सांडलेला मक्याचा एक दाणा. मी वाट बघितली की आता पायांत ते परत फिरणं जाणवेल. आलंही थोडं. मी बसून राहिले आणि दुसरा टाको उचलला.

दुसरा नीट जमला, मग तिसराही. त्याला वरून दाबायचं नसतं, बाजूनं कुरतडत जायचं असतं, आणि हे मला, आयुष्य चाव्यावर काढलेल्या बाईला, अनुभवानं कळलं. मग मी बरितो डाव्या हातात घेतला, कादंबरी मिठाच्या भांड्याला टेकवून उभी केली आणि वाचायला लागले. काय सांगू! असं सुख मला माहीतच नव्हतं. शेजारी कोणाला काय हवं-नको बघायचं नाही. तोंडात घास असताना बोलायचं नाही. पुस्तकातली मुलगी टपालाची थैली घेऊन टेकडी चढतेय आणि माझ्या जिभेवर मिरचीचा जाळ उतरतोय. मधमाश्यावाला फाटकाशी उभा होता. आता काहीतरी होणार होतं. एक गैरसमज होऊ घातला होता, मला त्याचा वास लागला होता. मी पान उलटलं. तर दोघं नवरा-बायको! घराच्या पायरीवर बसून मधाच्या बरण्या पुसतायत, केस पिकायला लागलेत, ती म्हणतेय आठवतं का तुला ते फाटक. मी दचकलेच. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. पानांचे आकडे शंभरावरून तीनशेवर उडाले होते. बाइंडिंगमध्ये पानांचे गठ्ठे एकामागोमाग शिवतात, त्यांना ते फर्मे म्हणतात. त्यातला शेवटचा फर्मा त्यांनी मध्येच शिवून टाकला होता. म्हणजे लग्न, संसार, समाप्त, आणि त्यानंतर तो गैरसमज, भांडण, रडारड, आणि पुठ्ठा. मला इतकं हसू आलं की सरबत नाकात गेलं. ते बाइंडर, जे एक टाका वाकडा गेला तर अख्खं पुस्तक उसवतात! जे इतरांच्या बांधणीला नाकं मुरडतात! आता चांगली खेचते तुमची, मी मनात म्हटलं.

आणि मग हसू तोंडातच थांबलं. शेवटचा फर्मा. तो त्यांनी कधी शिवला? मी डोळे मिटून ते टेबल आठवलं. मी आले तेव्हा पुस्तकाची पहिली शंभरेक पानं शिवून झाली होती, उरलेले गठ्ठे डाव्या हाताला ओळीनं लावलेले होते. त्यांनी मान खाली घालून विचारलं, दोरा ओढला, आणि न बघता डावीकडे हात घातला. जो गठ्ठा हाताला आला तो घेतला. ‘घाई नाही’ म्हणत होते तेव्हा त्यांच्या हातात ही पायरी होती, या बरण्या होत्या. माझ्याकडे बघायची हिंमत नाही आणि पुस्तकाकडे बघायचं भान नाही. अरे देवा. म्हणजे आवाज तेवढा गार होता. मी पान परत उघडलं आणि तो शिवणीचा दोरा बघितला. एरवी त्यांचा टाका कसा, एकसारखा. इथे एक लांब, एक आखूड, मग परत लांब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची होतीच, पण मिरचीचं नव्हतं.

फोन पिशवीत होता. हात गेलाही पिशवीकडे. मग मी हात मागे घेतला. नाही. आधी माझं जेवण. हे नीट पुरं करायचं, घाईनं नाही, कोणाच्या नावानं नाही. मी मुलीला हाक मारली आणि आणखी एक टाको मागवला, त्यातला तिखटवाला, आणि शेवटी काहीतरी गोड. “काय आहे गोड?” “तळलेल्या कांड्या आहेत, साखर आणि दालचिनी घोळलेल्या. चॉकलेटमध्ये बुडवून खायच्या.” “आण.” ते सगळं मी सावकाश खाल्लं. टाको खाताना वाचलं नाही, नुसतंच खाल्लं. रस्त्यावरून माणसं जात होती, काचेतून माझ्याकडे बघत होती, आणि मी बघत होते. एका बाईनं थांबून माझ्या ताटाकडे बघितलं, अगदी मी बघायची तशी. मी तिला आत या अशी मान हलवली. ती गडबडून निघून गेली. येईल कधीतरी. बोटांची साखर मी चाटून खाल्ली, ओठांची पुसली, आणि मला कळलं की ताई गेली, घर रिकामं झालं, रोज समोर नुसती फरशी असली, तरी मी जेवेन. मजेत जेवेन. ‘नाही’ म्हणायला मी आता मोकळी होते, आणि ‘नाही’ म्हणायचं माझ्या जराही मनात नव्हतं.

मग मी फोन केला. “दुकान बंद करा आणि या,” मी म्हटलं आणि जागा सांगितली. पलीकडून आलं, “आत्ता? संध्याकाळी ठरलं होतं ना.” “आत्ता. भूक असेल तर उत्तम.” ते आले तेव्हा बोटांना खळ तशीच होती आणि शर्टाची बटणं एक घर चुकलेली. समोर उभे राहिले. बसायला खुर्ची नव्हती. इकडेतिकडे बघितलं, आणि एकही नाही म्हटल्यावर दोन्ही हात पाठीमागे धरले. “उभे राहा जरा,” मी म्हटलं. “माझी एवढी कांडी राहिलीय.” ते उभे राहिले. मी खाल्ली. मग त्यांची नजर मिठाच्या भांड्याला टेकलेल्या पुस्तकावर गेली, उघड्या पानावर गेली, आणि माणसाचा चेहरा पडतो म्हणजे काय ते मी पहिल्यांदा जवळून बघितलं. वाकून त्यांनी पान उलटलं, मागे उलटलं. कानापर्यंत लाल झाले. “हे... हा फर्मा...” म्हणत त्यांनी पुस्तकाकडे हात केला. “असं कधी होत नाही माझ्याकडून. द्या इकडे. उसवून परत शिवून देतो.”

मी पुस्तक उचलून छातीशी धरलं. “काही नको. बरोबर शिवलंय.”

“अहो, लग्न आधी आलंय, भांडण नंतर!”

“मग?” मी म्हटलं. “आपलं काय वेगळं होणारे?”

त्यांनी चष्मा काढला, खळीच्या बोटांनी पुसला, आणि तो आणखी धुरकट झाला. तेवढ्यात ती वाढणारी मुलगी कुठूनशी एक खुर्ची डोक्यावर धरून वाट काढत आली. माझ्यासमोर ती ठेवून, दोघांकडे आळीपाळीनं बघून तिनं विचारलं, “हेच का, येणारे होते ते?”

“हेच,” मी म्हटलं. “पण माझं जेवून झालंय. यांना काय हवं ते यांनाच विचार.”